शहरातलं सरकारी हायस्कूल: गोव्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा या शहरांत राहणारे पालक पाचवीच्या किंवा अकरावीच्या प्रवेशावेळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. मी अशा शाळांमध्ये शिकवलं आहे आणि सरकारी शाळा टिकावी, चांगली चालावी असं मला मनापासून वाटतं. तरीही प्रवेश घेण्याआधी शाळेची नीट चौकशी करणं हा तुमचा हक्क आहे. तो कसा वापरायचा, तेही खाली सांगितलं आहे.

सरकारी आणि अनुदानित हायस्कूल यांत फरक काय?

सरकारी हायस्कूल थेट शिक्षण खातं चालवतं. अनुदानित शाळा एखादी संस्था चालवते आणि शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो. गोव्यात अनुदानित हायस्कुलांची संख्या जास्त आहे, त्यामुळे नातेवाइकांकडून ऐकू येणारी नावं बहुधा त्यांचीच असतात. परीक्षा मात्र दोघांची एकच. गोवा माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९७५ पासून आहे आणि दोन्हीकडची मुलं त्याच मंडळाच्या दहावी-बारावीला बसतात. प्रश्नपत्रिका तीच, तपासणी तीच, प्रमाणपत्रही तेच.

व्यवहारातला एक फरक मात्र विचारात घ्या. मुलांची ने-आण करणारी बालरथ बस अनुदानित शाळांसाठी आहे. सरकारी शाळेतलं मूल चालत, कदंब या सरकारी बसच्या पासावर किंवा घरच्यांच्या स्कूटरवरून येतं. घर लांब असेल तर आधी रस्ता बघा, मग शाळा.

“सरकारी शाळा म्हणजे गरिबांची शाळा” असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

रोजंदारीवर काम करणाऱ्यांची, बाजारात बसणाऱ्यांची, हॉटेलात आणि बांधकामावर राबणाऱ्यांची मुलं इथं जास्त आहेत, हे खरं. त्यात शरम वाटण्यासारखं काहीच नाही. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं गावोगावी, वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा उघडल्या. ज्यांच्या घरात कुणी अक्षर गिरवलं नव्हतं, त्यांची मुलं त्या शाळांतून शिकून शिक्षक, डॉक्टर, मामलेदार झाली. आज शहरातलं सरकारी हायस्कूल तेच काम करतं. फरक इतकाच, की आता पहिल्यांदा शिकणारी पिढी अनेकदा दुसऱ्या राज्यातून आलेल्या घरातली असते.

शाळेचा दहावीचा निकाल किती टक्के आहे, हे बघून ठरवावं का?

निकाल जरूर बघा, पण एवढ्यावरच निर्णय घेऊ नका. पालक सर्वांत आधी हाच आकडा विचारतात आणि तोच सर्वांत जास्त फसवतो, म्हणून इथं थोडं सविस्तर सांगतो.

आधी संपूर्ण राज्याचा आकडा घ्या. बारावीचा निकाल २०२३ मध्ये ९५.४६ टक्के लागला आणि २०२४ मध्ये ८४.९९ टक्के. एका वर्षात दहा टक्क्यांची घसरण. एवढ्या काळात गोव्यातली मुलं मठ्ठ झाली नाहीत की शिक्षकांनी शिकवणं सोडलं नाही. परीक्षेची पद्धत, प्रश्नांचं स्वरूप, अभ्यासक्रमाचा भाग यांनी टक्का वर-खाली होतो. म्हणून कुठल्याही शाळेचा एकाच वर्षाचा निकाल हाती धरू नका, निदान तीन-चार वर्षांचे मागा.

दुसरी गोष्ट पटाची. शहरातल्या काही सरकारी शाळांत दहावीचा वर्ग लहान असतो. वीस मुलांच्या वर्गात एक मूल नापास झालं की निकाल ९५ टक्के आणि तीन झाली की थेट ८५. शेजारच्या शाळेत दोनशे मुलं बसली असतील तर तिथं दहा मुलं नापास होऊनही निकाल ९५च राहतो. मग या दोन शाळांची तुलना टक्क्यावरून कशी करणार?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काही शाळा कच्च्या मुलाला नववीतच अडकवतात किंवा “तुमच्या मुलाला ही शाळा झेपणार नाही” असं सांगून दाखला हातात ठेवतात. मग दहावीला फक्त पक्की मुलं उरतात आणि फलक लागतो शंभर टक्क्यांचा. दाखला मिळालेलं मूल बहुधा सरकारी शाळेत येतं. सरकारी शाळा त्याला घेते, परीक्षेला बसवते आणि त्याच्यामुळे तिचा टक्का खाली येतो.

म्हणून मुख्याध्यापकांना असं विचारा: आज दहावीत असलेला वर्ग आठवीत होता तेव्हा पटावर किती मुलं होती? त्यातली किती दहावीला बसली? मधली मुलं कुठं गेली? आणि गेल्या वर्षी दहावी झालेली मुलं आता कुठं आहेत: हायर सेकंडरीत, पॉलिटेक्निकमध्ये, आयटीआयमध्ये, कामावर, की घरी? ज्या शाळेकडे या प्रश्नांचं उत्तर आहे, नावानिशी आहे, त्या शाळेत मूल हरवत नाही. निकाल ८८ टक्के असला तरी अशी शाळा मी आधी निवडेन.

मुलगी चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत होती. पाचवीपासून सगळं इंग्रजीत. तिला जमेल का?

जमेल, पण पहिलं वर्ष जपावं लागतं. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी आणि कोकणी माध्यमाच्या, तर हायस्कुलं जवळजवळ सगळी इंग्रजी माध्यमाची. जून महिन्यात मूल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातं आणि गणित, विज्ञान, भूगोल सगळ्यांची भाषा एका दिवसात बदलते. कालपर्यंत वर्गात हात वर करणारी मुलगी अचानक गप्प बसते. घरी पालकांना वाटतं तिचं लक्ष उडालं, शिक्षकांना वाटतं ती कच्ची आहे. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं.

हे तुम्ही घरी स्वतः तपासू शकता. पाचवीच्या पुस्तकातलं इंग्रजी शाब्दिक उदाहरण घ्या आणि तेच मराठीत तोंडी सांगा: एका पेटीत चोवीस आंबे, अशा पंधरा पेट्या, त्यातले बारा आंबे नासले, तर उरले किती? तिनं बरोबर सोडवलं तर गणित पक्कं आहे, अडचण इंग्रजीची आहे. मराठीतही अडली तर गणिताचाच पाया भरावा लागेल. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलीला गणिताची शिकवणी लावून वर्ष वाया गेलेलं मी पुष्कळ पाहिलं आहे.

इंग्रजी यावं म्हणून घरात मराठी बंद करू नका. कळकळीची विनंती आहे. धडा आधी मराठीत समजावून घेतलेलं मूल तोच धडा इंग्रजीत लवकर पकडतं. वर्गात मूल मराठीत किंवा कोकणीत शंका विचारू शकतं का, हे शाळेला विचारा. ज्या वर्गात पहिले काही महिने ही मोकळीक असते आणि नंतर हळूहळू इंग्रजीकडे नेलं जातं, तिथं मुलं सहावीपर्यंत सावरतात. जिथं पहिल्या दिवसापासून “ओन्ली इंग्लिश” असतं, तिथं ती उत्तरं पाठ करायला लागतात आणि ती सवय दहावीपर्यंत सुटत नाही.

शनिवारी वेळ असेल तर पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात मुलांना घेऊन जा. १८३२ पासूनची ही संस्था आहे. तिथं मराठी पुस्तकंही मिळतील आणि सोपी इंग्रजीही. मूल स्वतः पुस्तक निवडतं तेव्हा ते वाचतं.

आमच्या घरात कन्नड बोलतात, मुलाला मराठी थोडी येते. त्याला तीन भाषा झेपतील का?

वास्को, मडगाव, पणजीच्या सरकारी शाळांत असे वर्ग सर्रास आहेत. एका बाकावर कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी बोलणारी मुलं बसतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांची भाषा शिकतात. ही मुलं बोलायला पटकन शिकतात, लिहायला वेळ लागतो. भाषा निवडताना शाळेत शिक्षक कुठल्या भाषेचा आहे ते आधी विचारा. मंडळाच्या यादीत भाषा असणं वेगळं आणि शाळेत ती शिकवणारं माणूस असणं वेगळं. जन्मदाखला, आधार, जुन्या शाळेचा दाखला यांवरचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या. दहावीच्या फॉर्मच्या वेळी याच कारणानं घरचे धावपळ करताना दिसतात.

हायस्कूलमध्ये नेहमीच्या विषयांशिवाय काय शिकायला मिळतं?

तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र हा गाभा. सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्सची राज्याची योजना आहे. नववीपासून अनेक शाळांत एखादा कौशल्य विषय असतो: माहिती तंत्रज्ञान, किरकोळ विक्री, आरोग्यसेवा, वाहनदुरुस्ती, पर्यटन, सौंदर्यसेवा वगैरे. कुठल्या शाळेत कुठला विषय, हे तिथं जाऊनच कळेल. कौशल्य विषयाला कमी लेखू नका. ज्या मुलाला पुस्तकात काही सापडत नाही, त्याला अशा तासात पहिल्यांदा वाटतं की आपल्याला काहीतरी येतं, आणि मग ते शाळेत टिकतं.

खेळणाऱ्या मुलांना मंडळाच्या नियमानुसार क्रीडागुण मिळतात. स्पर्धेची प्रमाणपत्रं सांभाळून ठेवा आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकडून ती वेळेत पाठवली गेल्याची खात्री करा.

शाळा आता एप्रिलमध्ये सुरू होते का?

सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष २०२५ मध्ये एप्रिलपासून सुरू झालं, मग मेची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा वर्ग. गावी जाण्याचा बेत शाळेचं वेळापत्रक बघून ठरवा.

दहावीनंतर शास्त्र, वाणिज्य की कला?

“नव्वद टक्के पडले म्हणजे शास्त्र, साठ पडले म्हणजे कला” हा हिशेब सोडून द्या. मुलाला गणित आवडतं का, आणि अकरावीत रोज दोन तास बसून ते करायची त्याची तयारी आहे का, हे विचारा. दहावीत ९० गुण पाठांतरानं मिळू शकतात. अकरावीच्या भौतिकशास्त्रात पाठांतर ऑक्टोबरच्या आत संपतं.

वाणिज्यला गोव्यात मागणी आहे. इथं दुकानं, हॉटेलं, औषध कंपन्या, बँका आणि लेखापालांची कार्यालयं आहेत. कला शाखेबद्दल मात्र उगाच दया दाखवली जाते. भूगोल, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी घेऊन शिकलेली मुलं पुढं वकील, शिक्षक, पत्रकार, समुपदेशक होतात आणि स्पर्धा परीक्षाही देतात. चित्रकलेचा हात असेल तर गोवा कला महाविद्यालय आहे.

चौथी शाखा व्होकेशनल, म्हणजे व्यवसाय शिक्षणाची. तिच्याबद्दल पालक सहसा विचारत नाहीत, म्हणून मीच सांगतो. दोन वर्षांत बारावीही होते आणि हाताला कामही येतं. घरची गरज असेल तर ही वाट आधी बघा.

सरकारी हायर सेकंडरीतून डॉक्टर, इंजिनिअर होता येतं का?

होता येतं. वैद्यकीयसाठीची ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा सगळ्यांना सारखीच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या, त्यामुळे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) गोव्याच्या मुलांना चांगली संधी असते. वैद्यकीय शिक्षणाची १८४२ पासूनची ही परंपरा आपल्या दारात आहे. नर्सिंग, डेंटल, फार्मसी यांचीही सरकारी महाविद्यालयं आहेत. डॉक्टर व्हायचं जमलं नाही म्हणून आरोग्यक्षेत्रच सोडू नका.

अभियांत्रिकीसाठी फर्मागुढीचं सरकारी महाविद्यालय आहे, कुंकळ्ळीला एनआयटी आहे, फर्मागुढीतच २०१६ मध्ये आयआयटीही सुरू झाली. एनआयटीतल्या निम्म्या जागा गृहराज्याच्या कोट्यात असतात आणि ते राज्य ठरतं बारावी कुठून दिली यावर, घर कुठं आहे यावर नाही. क्लाससाठी मुलाला राजस्थानला किंवा महाराष्ट्रात पाठवून तिथूनच बारावी द्यायला लावली तर गोव्याचा कोटा हातचा जातो. हे पालकांना फार उशिरा कळतं. राज्यातल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी रहिवासी दाखलाही लागतो. अर्ज मामलेदार कार्यालयात अकरावीतच करून ठेवा आणि तंत्रशिक्षण संचालनालयाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका ओळन् ओळ वाचा, नियम दरवर्षी बदलतात.

डिप्लोमा किंवा आयटीआय केलं तर पुढचं शिक्षण बंद होतं का?

नाही. पणजीच्या आल्तिनोवर, डिचोली तालुक्यात मये इथं, कुडचड्याला सरकारी पॉलिटेक्निक आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि त्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीचा प्रवेश. नीट हिशेब केला तर अकरावी-बारावी-पदवीच्या वाटेइतकीच वर्षं लागतात आणि मधेच नोकरी धरायची सोयही राहते.

आयटीआय म्हापसा, पणजी, मडगाव, वास्को, फर्मागुढी अशा बऱ्याच ठिकाणी आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, एसी मेकॅनिक यांना वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत, गोदीत, हॉटेलांत काम मिळतं. माझ्या वर्गात गणिताला घाबरणारा एक मुलगा आज जहाजावर विद्युत काम करतो आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च उचलतो. शाळेच्या गुणवंतांच्या फलकावर त्याचं नाव नाही. माझ्या मते ते असायला हवं.

घरची परिस्थिती बेताची आहे. कुठली मदत मिळते?

आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्यानं मोफत आहे आणि माध्यान्ह आहारही आठवीपर्यंत मिळतो. आठवीत असताना एनएमएमएस या केंद्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा जरूर द्यायला लावा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कित्येक हुशार मुलं केवळ फॉर्म भरला गेला नाही म्हणून मुकतात. आठवीच्या वर्गशिक्षकांना शाळा सुरू होताच आठवण करून द्या.

गावडा, कुणबी, वेळीप समाजाच्या मुलांसाठी अनुसूचित जमातींच्या शिष्यवृत्त्या आहेत. ओबीसी आणि अनुसूचित जातींसाठीही आहेत. उच्च शिक्षणासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे. या सगळ्यांना बँकखातं, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला लागतो. दहावीची सुट्टी याच कामासाठी वापरा.

मुलगा अभ्यासात फार मागे आहे, वाचताना अक्षरं उलटसुलट होतात. शाळा काही करेल का?

आधी त्याला ओरडणं थांबवा. मग वर्गशिक्षकांना सांगून तपासणीची मागणी करा. लेखन-वाचनाची अडचण प्रमाणित झाली तर मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि काही विषयांऐवजी पूर्व-व्यावसायिक विषय घेण्याची सवलत मिळू शकते. प्रमाणपत्र नववीच्या आधी हातात हवं, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग होत नाही. शाळांसाठी समुपदेशकही नेमलेले असतात. तुमच्या शाळेत ते कुठल्या वारी येतात ते विचारून घ्या आणि मुलाबरोबर तुम्हीही भेटा.

शिकवणी लावावी का?

पाचवी ते आठवी शक्यतो नको. शाळेतून आलेल्या मुलाला पुन्हा तीन तास बसवलं की त्याचं खेळणं, तालीम, भजन, झोप सगळं जातं. दहावीला एखाद्या विषयात अडत असेल तर तेवढ्यापुरती लावा. शाळेत जादा तास होतात का, हे आधी बघा. पुष्कळ सरकारी शिक्षक एक पैसा न घेता ते घेतात आणि त्या तासांना मुलं येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

सरकारी नोकरीसाठी शाळेत कुठली भाषा घ्यावी?

राज्याच्या नोकऱ्यांसाठी कोकणीचं ज्ञान लागतं, मराठीचं असलेलं चांगलं मानलं जातं. घरात मराठी असेल तरी मुलाला कोकणी वाचता-लिहिता येऊ द्या. मराठी शिकलेल्याला देवनागरी कोकणीसाठी लिपी वेगळी शिकावी लागत नाही, सराव मात्र लागतो.

पालक म्हणून आम्ही शाळेत काय बोलू शकतो? आमचं शिक्षण फार नाही.

तुमचं शिक्षण किती, याचा काही संबंध नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला प्रत्येकाला बोलता येतं. मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे का, प्रयोगशाळेत मुलं हातानं प्रयोग करतात की नुसती बघतात, ग्रंथालयाचं कपाट उघडतं का: हे विचारायला पदवी लागत नाही. बैठक कामाच्या दिवशी असेल आणि तुमचा रोज बुडत असेल तर तसं सांगा आणि रविवारची मागणी करा.

दहावीत दोन विषय राहिले. वर्ष गेलं का?

त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते. निकालाच्या दिवशी घरात रडारड नको. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुणपत्रिका दाखवा, फॉर्मची तारीख विचारा आणि त्या विषयांच्या शिक्षकांकडून राहिलेल्या धड्यांची यादी घ्या.

मुलीनं नववीत शाळा सोडली, आता कामाला जाते. पुन्हा शिकता येईल?

येईल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिथून दहावी आणि बारावी देता येते. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एका वेळी झेपतील तेवढेच विषय देता येतात, त्यामुळे कामावर जाणाऱ्या मुलीला ते जुळतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. आयटीआय पूर्ण केलेल्यांनाही काही ठरावीक विषयांची परीक्षा देऊन दहावी-बारावीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे. जुन्या शाळेत जाऊन दाखला आणि आठवीची गुणपत्रिका मागा. किती वर्षं झाली तरी नोंदवही शाळेत असते आणि ती कागदपत्रं देणं शाळेचं कर्तव्य आहे.